चित्र पुढे, गोष्ट पाठीमागे

१९३० साली ब्रुसेल्समध्ये २३ वर्षांच्या एका चित्रकाराचं चित्रकथेचं पहिलं पुस्तक निघालं. त्याच्या पहिल्या ५०० प्रतींवर क्रमांक घातले होते आणि प्रत्येक प्रतीवर दोन सह्या होत्या. गंमत म्हणजे त्या दोन्ही सह्या खोट्या नावांच्या होत्या. चित्रकाराने आपल्या नायकाच्या नावाने ‘टिनटिन’ अशी सही ठोकली आणि तो काम करत होता त्या वृत्तपत्राच्या कचेरीत संचालकांची सेक्रेटरी असलेल्या जर्मेन कीकेन्स या तरुणीने शेजारी ‘मिलू’ असं लिहिलं. मिलू म्हणजे टिनटिनचा पांढरा कुत्रा. इंग्रजीतून टिनटिन वाचलेल्यांचा ‘स्नोवी’. दोन वर्षांनी त्या दोघांचं लग्न झालं. पाचशेंपैकी एखादी प्रत आज लिलावात आली की संग्राहकांचे कान टवकारतात. पुस्तकावर लेखकाचं नाव त्याच्या हातचं नाही, सही एका काल्पनिक पोराची आणि त्याच्या कुत्र्याची, तरी तिचं मोल मोठं!

ही एवढीशी हकिकत स्वाक्षऱ्या आणि रेखाटनं जमवण्याच्या छंदाचं मर्म सांगून जाते. सहीत कोणती अक्षरं आहेत याला फारसं महत्त्व नसतं. तो हात कुणाचा, कागद कुणासाठी होता आणि तिथून इथवर कसा आला, या तीन प्रश्नांची उत्तरं जितकी पक्की, तितका कागद मोलाचा.

चित्रकाराचं खरं नाव जॉर्ज रेमी. नावाची आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की ‘एर-जे’ असं ऐकू येतं. त्यावरून त्याने टोपणनाव घेतलं एर्जे. आपल्याकडे इंग्रजी वळणाने ‘हर्जे’ही म्हणतात. १० जानेवारी १९२९ ला टिनटिन मुलांच्या एका साप्ताहिक पुरवणीत अवतरला आणि एर्जे ३ मार्च १९८३ ला जाईपर्यंत त्याची २३ पुस्तकं पूर्ण झाली. चोविसावं अर्धवट राहिलं आणि १९८६ मध्ये कच्च्या रेखाटनांच्याच रूपात छापलं गेलं. या छंदातल्या जवळजवळ सगळ्या गमती आणि सगळे खाचखळगे एका एर्जेच्या कागदपत्रांत सापडतात, म्हणून त्याचंच बोट धरून पुढे जाऊ.

काय काय जमवतात?

सगळ्यात खालची पायरी म्हणजे नुसती सही. तिच्या वरची पायरी ‘प्रिय अमुकला’ असं नाव घालून केलेली सही. त्याहून वर, पुस्तकाच्या कोऱ्या पानावर सहीसोबत काढलेलं छोटं चित्र: टिनटिनचा चेहरा, मिलूचं डोकं, त्यांच्या दोस्ताची, कॅप्टन हॅडॉकची दाढी. बेल्जियम-फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘देदिकास’ म्हणतात. फ्रान्समधल्या आंगुलेम गावी १९७४ पासून चित्रकथांचा मोठा महोत्सव सुरू झाला आणि तिथे चित्रकारापुढे पुस्तक घेऊन देदिकाससाठी रांग लावणं हा एक सोहळाच होऊन बसला. चित्रकार मान खाली घालून चितारतो आहे आणि समोरचा वाचक श्वास रोखून उलटं चित्र पाहतो आहे, हे तिथलं नेहमीचं दृश्य. रांगेत उभे राहून फुकट मिळवलेलं चित्र दुसऱ्या दिवशी विकायला काढणारेही असतात. चित्रकार त्यांच्यावर खार खाऊन असतात. म्हणून अनेक चित्रकार मुद्दाम वाचकाचं नाव विचारून ठसठशीत लिहितात. नाव घातलेलं चित्र विकणं जरा अवघड जातं.

इथे एक उलटा हिशेब आहे. नाव अनोळखी असेल तर किंमत थोडी उतरते, आणि ते पुस्तकाशी किंवा चित्रकाराच्या आयुष्याशी जोडलेल्या माणसाचं असेल तर चढते. नाव खरवडून टाकणारे मात्र दोन्हीकडून बुडतात. कागदही दुखावतो आणि ‘कुणासाठी?’ या प्रश्नाचं उत्तरही पुसलं जातं.

चौथा प्रकार पत्रांचा आणि शुभेच्छापत्रांचा. एर्जे वर्षअखेरीस मित्रमंडळींना खास चितारलेली शुभेच्छापत्रं छापून पाठवायचा; ती आता संग्राहकांच्या कप्प्यांत विसावली आहेत. आणि सगळ्यात वरची पायरी अर्थातच मूळ चित्रांची: पेन्सिलीचे कच्चे आराखडे, शाईने पक्की केलेली पानं, रंगवलेली मुखपृष्ठं.

पान कसं तयार होई?

मूळ चित्र विकत घेणाऱ्याला चित्रकाराच्या कामाची रीत ठाऊक हवी, नाहीतर तो हमखास फसतो. एर्जे आधी पेन्सिलीने तुटून पडायचा. एकेका हालचालीसाठी रेघेवर रेघ, त्यावर आणखी रेघ, खोडाखोड. एखाद्या पळणाऱ्या पायाभोवती रेघांचं अक्षरशः जाळं व्हायचं. त्या जाळ्यातली जिवंत वाटणारी नेमकी रेघ निवडून तो ती दुसऱ्या कोऱ्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि मग शाई. छापलेल्या पानावर आपल्याला दिसते ती शांत, एकसारखी, सावलीविरहित रेषा. तिला पुढे ‘स्वच्छ रेषा’ असं नावच पडलं. त्या शांततेखाली केवढी झटापट आहे हे फक्त पेन्सिलीच्या कागदावर दिसतं. म्हणूनच कित्येक जाणकार शाईच्या पानापेक्षा पेन्सिलीच्या पानावर अधिक जीव लावतात.

रंगांची कथा वेगळी. शाईच्या पानाची काळ्या रेघांची फिल्म बनवायची आणि तीच रेखाटनं फिकट निळ्या छटेत चित्राच्या कागदावर छापून घ्यायची. त्या निळ्या छापावर रंग भरायचे आणि छपाईत वर काळ्या रेघा चढवायच्या. रंगाचा हात चुकला तरी शाईचं मूळ पान सुरक्षित राहायचं. थोडक्यात, टिनटिनच्या रंगीत काळातल्या पुस्तकाच्या आतल्या पानाचं शाईचं मूळ बहुधा काळं-पांढरंच असणार. कुणी ‘मूळ पान’ म्हणून शाई आणि रंग एकाच कागदावर असलेलं आतलं पान पुढे केलं, तर खिशावर हात ठेवून दोन प्रश्न जास्त विचारावेत. मुखपृष्ठांची गोष्ट निराळी. सुरुवातीच्या काळात ती थेट रंगांत केलेली सापडतात.

हात कुणाचा?

१९५० मध्ये एर्जेने ब्रुसेल्समध्ये ‘स्टुडिओ एर्जे’ काढला. बॉब द मूर, जाक मार्तां, रोजे लेलू असे कसलेले चित्रकार तिथे आले. पार्श्वभूमी, गाड्या, विमानं, रंग अशी कामं वाटली गेली. रंगकामासाठी आलेली फॅनी व्लामिंक पुढे एर्जेची दुसरी पत्नी झाली. मालकाच्या शैलीत हुबेहूब चितारू शकणारे हात एका छताखाली असले की संग्राहकाची पंचाईत होते. चित्र अस्सल स्टुडिओतलं असेल, कागद त्या काळचा असेल, तरी रेघ कुणाची हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या बाबतीत तर हे जगजाहीर आहे. त्याच्या नावाच्या सह्या त्याच्या कचेरीतले चित्रकार बिनदिक्कत करत आणि चाहत्यांना पाठवत. डिस्नेच्या ‘त्या’ सहीची अक्षरं जितकी डौलदार, तितकी ती दुसऱ्या कुणाची असण्याची शंका जास्त.

याच्या अगदी उलट टोकाला चार्ल्स शुल्झ. ‘पीनट्स’ या चित्रपट्टीच्या १७,८९७ पट्ट्या या माणसाने जवळजवळ ५० वर्षांत मदतनीस न घेता स्वतः काढल्या, अक्षरंसुद्धा स्वतःची. त्याच्या लाडक्या निबांची कंपनी बंद पडायला आली तेव्हा त्याने उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला. १९८१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याचा हात कापू लागला. नंतरच्या चार्ली ब्राऊनच्या डोक्याची गोलाई, स्नूपीची पाठ, सगळ्या रेषांना बारीकशी लहर आहे. त्या लहरीतून चित्राचं वय वाचता येतं. १९९० च्या दशकातली तारीख आणि रेशमासारखी गुळगुळीत रेघ एकत्र दिसली की जाणकार भुवया उंचावतो. ज्या थरथरीने चित्रकाराला छळलं, तीच आज त्याच्या हाताची साक्ष देते.

नकली कसं ओळखतात?

एर्जेची शैली वरून सोपी दिसते. लंबगोल चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, कपाळावर उडालेली झुलपं. शाळकरी पोरही काढून दाखवील. म्हणून नकलाकारांचा या चेहऱ्यावर डोळा. पण नक्कल करणारा घाबरत, थांबत, मूळ चित्राकडे बघत काढतो. भिंगाखाली पाहिलं की जिथे पेन थबकलं तिथे शाईचा बारीक थेंब साचलेला दिसतो आणि वळणावर रेघ अडखळलेली असते. ज्याने तोच चेहरा हजारो वेळा काढला आहे त्याची रेघ एका दमात येते आणि टोकाला निमुळती होते. चूक झाली तरी ती आत्मविश्वासाची असते.

बाकीची चौकशी साध्या साधनांनी होते. पहिलं साधन दहा पट मोठं दाखवणारं भिंग. छापलेल्या सहीत रंगाचे सूक्ष्म ठिपके दिसतात, हाताच्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत पसरलेली दिसते. दुसरं साधन अतिनील किरणांची छोटी विजेरी. साधारण १९५० च्या सुमारापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायनं मिसळू लागले. अंधारात या विजेरीखाली तो कागद निळसर झळकतो. ‘१९३५ चा’ कागद असा झळकला की खेळ संपला. तिसरं साधन लेखणीचा इतिहास. बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागलं ते १९४५ नंतर. १९३० च्या दशकातली तारीख टाकून बॉलपेनने केलेली सही म्हणजे शिवकालीन पत्रावर चिकटवलेलं पोस्टाचं तिकीट.

चौथं साधन आहे खुद्द पुस्तक. एर्जेच्या प्रकाशकाच्या, म्हणजे बेल्जियममधल्या तुर्ने गावच्या कास्तरमानच्या आवृत्त्या वरून सारख्या वाटतात. पण मलपृष्ठावर मालिकेतल्या पुस्तकांची यादी किंवा चित्रं असत आणि नवं पुस्तक आलं की ती बदलत. या बदलांना जाणकारांनी अक्षर आणि आकडा जोडून खुणा दिल्या आहेत. १९७९ पासून निघणाऱ्या बेडेएम या किंमतसूचीत त्या तपशीलवार सापडतात. १९५० ची तारीख घातलेलं अर्पण १९५८ च्या आवृत्तीत सापडलं, तर सहीचं अक्षर तपासायचीही गरज उरत नाही.

कागद कसा आला?

आता या छंदातली सगळ्यात गाजलेली गोष्ट. १९३६ मध्ये एर्जेने टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’ या पुस्तकासाठी मुखपृष्ठ रंगवलं. साधारण ३४ सेंटिमीटर चौरस कागद. चिनी मातीच्या मोठ्या रांजणातून टिनटिन आणि मिलू डोकावत आहेत आणि मागे अख्खी चौकट व्यापणारा ड्रॅगन. जलरंग, गुआश आणि शाई यांनी केलेलं हे चित्र इतकं रंगसंपन्न होतं, की प्रकाशकाने छपाईचा खर्च बघून हात वर केले. एर्जेने मग छापायला सोयीचं, सोपं मुखपृष्ठ करून दिलं. पहिलं चित्र कास्तरमान घराण्यातल्या ७ वर्षांच्या मुलाला एर्जेने भेट दिलं, त्याने घड्या घालून ते खणात ठेवलं आणि ते कित्येक दशकं तसंच राहिलं, अशी त्या घराण्याची हकिकत.

१४ जानेवारी २०२१ ला पॅरिसच्या आर्तक्युरियाल या लिलावगृहात ते चित्र आलं. हातोडा पडला २६ लाख युरोंवर. लिलावगृहाचं शुल्क धरून रक्कम झाली ३१ लाख ७५ हजार युरोंच्या पुढे, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २८ कोटी रुपये. चित्रकथेच्या चित्राला मिळालेली विक्रमी किंमत म्हणून ती तेव्हा गाजली. आधीचा विक्रमही एर्जेचाच: टिनटिनच्या पुस्तकांच्या आतल्या आवरणपानांसाठी १९३७ मध्ये केलेलं चित्र २०१४ मध्ये साडेसव्वीस लाख युरोंना गेलं होतं. बोली आणि प्रत्यक्ष देणं यांतला फरक नवशिक्यांनी ध्यानात ठेवावा. हातोड्याचा आकडा ऐकून हरखून जाणाऱ्याला बिल पाहिल्यावर घाम फुटतो.

एवढी किंमत का? एर्जेची लोकप्रियता हे अर्धंच उत्तर. त्याने आपली बहुतेक मूळ पानं स्वतःजवळच ठेवली. ती पुढे वारसांकडे गेली आणि त्यांतली काही आज ब्रुसेल्सजवळच्या लूव्हाँ-ला-नव्ह इथल्या, २००९ मध्ये उघडलेल्या एर्जे संग्रहालयात पाहायला मिळतात. बाजारात येतात ती मोजकी पानं: भेट दिलेली, हरवलेली, प्रकाशकाकडे राहून गेलेली. आणि नेमका इथेच वाद सुरू होतो.

कारण ‘ब्लू लोटस’च्या त्या चित्रावरच्या घड्या. घराण्याच्या हकिकतीप्रमाणे त्या एका पोराच्या हातच्या. काही अभ्यासकांचं म्हणणं वेगळं: चित्र पाकिटात मावावं म्हणून एर्जेनेच घडी घालून ते प्रकाशकाकडे पसंतीसाठी पोस्टाने पाठवलं असणार आणि ते परत आलंच नाही. पहिली गोष्ट खरी असेल तर ती भेट. दुसरी असेल तर परत करायची राहून गेलेली वस्तू. कागद तोच, रंग तेच, घड्याही त्याच, तरी मालकीचा अर्थ पूर्ण बदलतो.

मालकीबाबत आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. कागद तुमचा, प्रतिमा चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची. युरोपात हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, भारतात ६० वर्षं. म्हणजे घरी भिंतीवर टांगलेलं अस्सल चित्र टी-शर्टवर छापून विकलंत तर नोटीस घरपोच. शिवाय युरोपात चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किंवा वारसांना त्या किमतीतला छोटा वाटा मिळतो. एका विक्रीमागे त्याची कमाल मर्यादा १२,५०० युरो. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये अशी तरतूद आहे. १० हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर मूळ चित्रकाराचा त्यात वाटा धरला आहे. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. व्यंगचित्रं जमवणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल!

आपल्या कपाटात

हा छंद धरायला कोटींची गरज नाही. दिवाळी अंकांच्या पानांवर वाढलेल्या मराठी वाचकाला शि. द. फडणिसांच्या बिनशब्दांच्या मुखपृष्ठांचं आणि वसंत सरवट्यांच्या रेषेचं वेड जन्मजातच असतं. गोव्यात मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या प्रती घरोघर दिसतात. साहित्य संमेलनात, ग्रंथप्रदर्शनात एखाद्या चित्रकाराने वहीत काढून दिलेलं चिमुकलं रेखाटन हीसुद्धा याच छंदाची पहिली पायरी.

ते टिकवायचं मात्र नीट. आपल्याकडे कागदाचे शत्रू तीन: पावसाळ्यातली दमट हवा, कसर आणि आपलं प्रेम. प्रेमापोटी लोक चित्र लॅमिनेट करून आणतात. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही, निघालं तर शाई घेऊन निघतं. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डाग कागदाच्या आरपार जातो. स्केचपेनची शाई तर उन्हात पाहता पाहता उडते. खिडकीसमोर टांगलेली सही एखाद्या वर्षात फिकी होते. आम्लविरहित कागदाचं पाकीट आणि बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटातला आडवा कप्पा, एवढं बस झालं. चौकट करायचीच तर काच चित्राला चिकटू देऊ नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी असावी, म्हणजे जुलैत काचेवर धरलेला दव कागदाला लागत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त पण सगळे विसरतात ते काम: रेखाटन मिळालं त्याच दिवशी एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचं. कुणी दिलं, कुठे, कोणत्या तारखेला, बरोबर कोण होतं. कार्यक्रमाची पत्रिका, तिकीट, सोबतचा फोटो त्याच पाकिटात ठेवायचा. चित्रावर काही लिहायचं नाही. मागे लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने.

१९३६ च्या त्या कागदाबरोबर असं एखादं चिटोरं असतं, ‘आज हे चित्र मला मिळालं’ एवढंच, मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात, तर ८५ वर्षांनी त्या घड्यांवरून कुणाला वाद घालावा लागला नसता.